माणग्याचा मांडव आणि पडवीतलं पीठ: चौदा महिन्यांनंतर

सकाळी पडवी झाडावी आणि दुपारी परत त्याच जागी पिवळसर पीठ. आधी मुंग्यांवर संशय घेतला. मग एका रात्री दिवा मालवल्यावर वलणीच्या काठीतून कुरकुर ऐकू आली. माणग्याला, म्हणजे आमच्या कोकणातल्या बांबूला, भुंगा लागला होता. साठ रुपये मोजून काठी आणायची आणि वर रोज कंबर मोडून पीठ भरायचं!

मागच्या वर्षी चाळीस काठ्या घेतल्या होत्या. बहुतेक पडवळ-दोडक्याच्या मांडवाला, उरलेल्या पडवीत. माणगाच का, हे कोकणात कुणाला सांगायला नको. सरळ, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. काटेरी कळकाच्या बेटात एकदा हात घातलाय, पुन्हा नाही.

पीठ दिसल्यापासून पंधरा दिवस मी माणग्याला शिव्या घातल्या. शेजारच्या काकांनाही "लावू नका" सांगून आलो. ते शब्द आता मागे घेतो. कारण शेवटी चाळीसही काठ्या खाली वाकून, वर चढून तपासल्या. पीठ फक्त सात काठ्यांना. त्यातल्या तिघींच्या गाठींना कोंबावरच्या खोळीचे (सालपटांचे) तुकडे अजून चिकटलेले, कोयती मारली की भसकन आत. म्हणजे त्याच पावसाळ्यातले कोंब! तीन वर्षांच्या काठीच्या भावात कोवळा माल खपवला होता. फोन केला तर विकणारा म्हणतो, "बांबू म्हटल्यावर पीठ पडायचंच."

पडायचंच नाही. भुंगा येतो तो काठीतल्या पिष्टासाठी. पक्की काठी तोडून दोन-तीन आठवडे वाहत्या वहाळात बुडवून ठेवली की ते बरंचसं धुऊन जातं. (अमावास्येला तोडायची म्हणतात, ते मी करून पाहिलेलं नाही.)

बाकी मांडवाबद्दल तक्रार नाही. जुलैत पोफळीची झाप वर कोसळली. काठी वाकली आणि परत सरळ झाली. मातीतली टोकं मात्र काळी पडलीत, यंदा वीतभर छाटावी लागतील.

आता बांधावर पाच कंद लावलेत. माणगा फुलला तरी बी धरत नाही, त्यामुळे कंद नाहीतर काठीचे तुकडेच लावावे लागतात. 2017 पासून जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही, तेव्हा घरच्या काठीला वाहतूक परवान्याची कटकटही नाही.

त्या सात काठ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. दोन दिवस पाणी तापलं. चारशे वीस रुपयांचं.