पायरीतला गंजका खुंट: कापायचा, मुळासकट काढायचा की दगडच पालथा करायचा?

बेळगावातल्या शहापूर-वडगावची जुनी घरं असोत की खानापूरकडची देवळं, लोखंडी कठडा कधीच मोडून गेलेला असतो आणि पायरीत खुंट तेवढे उरतात. ठेच लागते म्हणून ग्राइंडरवाला बोलावला जातो. पण खरा घात दगडात रुतलेला भाग करतो. गंजलेलं लोखंड मूळ धातूच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा घेतं. भोक कडेजवळ असलं की पायरीचा कोपराच उडतो.

सपाट कापून घेणं सगळ्यात स्वस्त आणि त्याच दिवशी उरकणारं. मात्र आतला गंज चालूच राहतो, आणि खानापूरच्या पावसात तर विचारूच नका. खुंट दगडाच्या मधोमध असेल, आजूबाजूला केसाएवढीही चीर नसेल, तरच हा मार्ग धरा. कापताना दगडावर ओलं पोतं टाका. उडालेल्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण पुढे गंजून तांबडे डाग पाडतात.

मुळासकट काढणं वेळखाऊ, पण दगड अजून धड असेल तर मी यालाच कौल देईन. इथे दगड कुठला यावर सगळं ठरतं. काळ्या दगडाला डायमंड कोअर बिट (हिऱ्याचे कण बसवलेलं, पोकळ नळीसारखं बिट) आणि सतत पाणी लागतं. कडेजवळ हॅमर ड्रिल लावू देऊ नका. जांभा छिन्नीनं सहज सुटतो, मात्र भोक हवं त्याहून मोठं होतं. जुन्या कामात खुंटाभोवती शिसं ओतलेलं आढळतं. ते बारीक बिटनं पोखरून काढावं. गॅसनं वितळवायला गेलात तर विषारी धूर होतो, शिवाय तापून दगडही तडकतो. पहार घालून खुंट हलवणारा कारीगर दिसला तर काम तिथेच थांबवा.

भोक बुजवताना बहुतेक गवंडी सिमेंट कालवतात. जांभ्याला ते मानवत नाही: सिमेंट दगडापेक्षा घट्ट, पाणी आत अडकतं आणि कडेनं जांभा भुगा होऊन सुटतो. तिथे चुना आणि जांभ्याची भुकटी बरी. काळ्या दगडात मोठ्या भोकाला त्याच जातीच्या दगडाची खुंटी बसवावी. इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणारा चिकट पदार्थ) दगडाची भुकटी मिसळून बारीक चीर भरता येते, पण उन्हात ते पिवळट पडतं.

पायरी मधोमध झिजून खोलगट झाली असेल आणि भोक आरपार गेलेलं नसेल, तर दगड पालथा घालायचा विचार करा. नवा दगड शोधायला नको, रंगही जुळतो. फक्त खालची बाजू बहुधा ओबडधोबड असते, ती पाथरवटाकडून टाकीनं (दगड घडवायच्या छिन्नीनं) सपाट करून घ्यावी लागते. वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकलेली असल्यानं सुरुवात वरून करावी लागते. म्हणजे एका दगडासाठी तीन-चार हलले. चीर आरपार असेल तर हा खटाटोप करू नका, दगड बदला.

बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत तुमचं घर असेल, तर दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. नवा कठडा लावणार असाल तर तो स्टेनलेस स्टीलचा घ्या आणि जमल्यास पायरीत न रोवता बाजूच्या भिंतीला धरून बसवा.