१९१६ चं डीडब्ल्यूएम लुगर: एका ब्लॅकोडायझिंगवाल्याचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पाचपैकी चार. एक गुण मॅगझिनपायी गेला, कारण त्याच्यावरचा नंबर पिस्तुलाच्या नंबराशी जुळत नाही. रेंजवर जाऊन गोळ्या उडवायला कुणी हे घेणार असेल तर मात्र दोनच गुण, आणि तेही दिसण्याचे.

वस्तू अशी: जर्मन लष्कराचं पी.०८, लोक ज्याला लुगर म्हणतात ते. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात बनलेलं, चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भागावर, १९१६ हा आकडा, टॉगलवर, म्हणजे वर दुमडणाऱ्या सांध्यावर, कंपनीची वळणदार मोहोर. ९ मिलिमीटर, नळी १०० मिलिमीटर, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या. ओहायोत संग्राहकांचा एक मेळा भरतो, तिथे एका आजोबांच्या टेबलावरून घेतलं. किंमत दोन हजार डॉलरच्या आत.

मी इतिहासवाला नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये ब्लॅकोडायझिंगच्या, म्हणजे पोलाद गरम रसायनात बुडवून काळं करण्याच्या, टाक्यांवर उमेदवारी केली, आता इकडे अमेरिकेत हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. जुनं पिस्तूल हातात आलं की बाकीचे आधी शिक्के वाचतात, माझी नजर पृष्ठभागावर जाते. आणि लुगरच्या बाबतीत हा रोग फायद्याचा आहे, कारण या पिस्तुलाची अर्धी किंमत पृष्ठभागातच असते.

१९१६ च्या या तुकड्यावर दोन वेगवेगळी कामं आहेत. नळी, फ्रेम, टॉगल हे सगळं गडद निळं-काळं. आणि त्यात ट्रिगर, सेफ्टीचा खटका, पिस्तूल उघडायचा लिव्हर, मॅगझिनचं बटण, रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर असे बारके भाग पिवळसर सोनेरी. दोन्हींत रंगाचा थेंब नाही. दोन्ही म्हणजे पोलादाचाच ऑक्साइड, फक्त तो वेगवेगळ्या वाटांनी आणलेला.

निळ्याची वाट लांबची. पॉलिश केलेला जॉब तेल-चिकटीपासून पूर्ण साफ करायचा, त्यावर आम्लाचं द्रावण पुसायचं आणि दमट पेटीत ठेवून चक्क गंजू द्यायचा. बारीक लाल गंज धरला की उकळत्या पाण्यात टाकायचा. तिथे लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो. मग मऊ तारेच्या ब्रशने वरची मखमल झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा अनेक फेऱ्या झाल्या की तो खोल, जरा मंद निळा-काळा उतरतो. ज्या गंजाला आमच्या शॉपमध्ये फोरमनमामा शिव्या घालायचे, त्यालाच इथे कामाला लावलंय. कोन टोकदार राहतात, अक्षरांच्या कडा शाबूत राहतात. चकचकीत दिसत नाही, पण उजेडात फिरवलं की आतून निळं उमटतं.

सोनेरी भागांची वाट छोटी पण नाजूक. पॉलिश केलेला ट्रिगर तापवायचा. साधारण २२० ते २४० अंश सेल्सियसला पोलादावर फिकट पिवळा चढतो. पुढे गेलं की तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. ऑक्साइडचा थर किती जाड झाला त्यावर उजेड कसा परततो, इतकाच हा खेळ. तूप कढवताना बेरीचा रंग बघत उभं राहावं लागतं ना, तसंच: क्षणभर लक्ष गेलं की पुढचा रंग आला. मग पुन्हा घासून पहिल्यापासून. थर इतका पातळ असतो की वापरणाऱ्याचं बोट आणि घाम तो हळूहळू खाऊन टाकतात.

माझ्या तुकड्यावर तेच झालंय. ट्रिगरवर बोट बसतं तिथे सोनेरी पूर्ण गेलाय, कडांना आणि मुळाशी तेवढा शिल्लक आहे. इजेक्टरवर मात्र छान टिकलाय, कारण तिथे बोट पोचत नाही. मुठीच्या मागच्या पट्टीवर निळा जाऊन करडा-तपकिरी झालाय, नळीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी होल्स्टरने घासून चकाकी आलीय. मला हे आवडतं. झीज जिथे व्हायला हवी तिथेच आहे, आणि जिथे हात लागत नाही तिथे मूळ काम जसंच्या तसं आहे.

त्याच मेळ्यात दुसऱ्या एका टेबलावर आणखी एक लुगर होतं, याच्यापेक्षा बरंच महाग. आरशासारखं काळं. विक्रेता म्हणाला, ‘शंभर वर्षांचं आहे, पण बघा, कालच कारखान्यातून आल्यासारखं!’ तेच तर दुखणं होतं. भिंग लावलं तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, पिनांच्या भोकांच्या कडा खोलगट झालेल्या, फ्रेमचे कोपरे गोल. सरळ बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, मारलं होतं. नळीचं तोंडसुद्धा काळं. गंजवून निळ्या केलेल्या जुन्या लुगरांत ते पांढरं, उघड्या पोलादाचं असायला हवं. आणि ट्रिगर? त्यावर पितळी झाक मारली होती, पोलादाच्या पिवळ्याशी तिचा काही संबंध नव्हता. मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. विचारलं फक्त, की पुन्हा निळं केलंय का. ‘माझ्या माहितीत तरी नाही,’ असं उत्तर आलं. या धंद्यात हे वाक्य कानावर आलं की खिशातलं पाकीट खिशातच ठेवायचं. पुन्हा फिनिश केलेल्या लुगरची संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्यावरही येऊ शकते, काम कितीही सुबक असो.

आजोबांच्या टेबलावर उलटा प्रकार. ते स्वतःच म्हणाले, ‘मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलाचं आहे, आधीच सांगतो.’ मग टॉगल मागे ओढून, चेंबर रिकामं दाखवून पिस्तूल माझ्या हातात दिलं. बारक्या भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, ते एकेक करून मला वाचू दिले. सगळे जुळले. नंबर जुळणं हा इथला मोठा मामला आहे. जर्मन लष्करी क्रमांक दहा हजारापर्यंत जायचे, मग अक्षर लागायचं आणि पुन्हा एकपासून, आणि दर वर्षी सगळं नव्याने. त्यामुळे एकच आकडा अनेक पिस्तुलांवर सापडतो. वर्ष आणि अक्षर धरून वाचावं लागतं. जुळणारं मॅगझिन मिळणं मात्र नशिबाचा भाग. त्याचं बूड लाकडी, त्यावर नंबर. जोडीला दिलेल्या जादा मॅगझिनवर अधिकचं चिन्हही असायचं.

फिनिशच्या दृष्टीने मला सगळ्यात देखणी वाटणारी जागा सेफ्टीखालची. तिथे फ्रेमचा छोटा पट्टा मुद्दाम उघड्या पोलादाचा ठेवलाय आणि त्यावर जर्मनमध्ये ‘गेझिशर्ट’, म्हणजे सुरक्षित, असं कोरलंय. खटका फिरवला की शब्द दिसतो. निळा, सोनेरी आणि पांढरा तिन्ही एका अंगठ्याच्या अंतरात. १९१६ म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ऐन मधलं वर्ष, आणि तरी कुणीतरी हे असं करत बसलं होतं. युद्धाआधीच्या तुकड्यांशी तुलना केली तर पॉलिश थोडं भरड आहे, आतल्या बाजूला मिलिंगच्या रेघा दिसतात. त्याचे मी गुण कापलेले नाहीत.

आता एक वादाचा मुद्दा. संग्राहक मंडळी माउझर या जर्मन कंपनीने नंतर बनवलेल्या लुगरांना नाक मुरडतात, कारण १९३७ मध्ये माउझरने गंजवून निळं करणं सोडलं आणि क्षारांच्या गरम टाकीत बुडवायला सुरुवात केली. सोनेरी भागही तेव्हाच गेले. ट्रिगरसकट सगळं एकाच टाकीतून काळं. ती टाकी म्हणजे आमची भोसरीचीच टाकी: कॉस्टिक सोडा, नायट्रेट-नायट्राइट, तापमान १४० च्या आसपास, आणि नाकात झोंबणारी वाफ. जिथे दिवस लागायचे तिथे अर्ध्या तासात काम. जर्मनी तेव्हा शस्त्रं वाढवण्याच्या मागे होता, त्यांना तेच हवं होतं. सौंदर्यात ते कमी, मान्य. पण फिनिश म्हणून वाईट म्हणू नये. खालचं पॉलिश चांगलं असेल तर टाकीतलं काळंसुद्धा सुरेख येतं, आणि त्या काळातल्या माउझरचं पॉलिश चांगलं आहे. बजेट बेताचं असेल तर मी नवशिक्याला १९३८-३९ चं माउझर बघायला सांगेन. फक्त ‘ब्लॅक विडो’ हे नाव ऐकून जास्तीचे पैसे मोजू नका. काळ्या प्लास्टिकच्या मुठींच्या शेवटच्या लुगरांना ते नाव दुसऱ्या महायुद्धानंतर विकणाऱ्यांनी चिकटवलंय.

चालवायला कसं? टॉगल गुडघ्यासारखा वर दुमडतो ते बघायला मजा येते. मूठ हातात अशी बसते की नेम आपोआप लागल्यासारखा वाटतो. ट्रिगर मात्र भोंगळ, कारण ओढ बाजूच्या झाकणातल्या लिव्हरमधून फिरून जाते. आणि नंबर असलेला एखादा भाग मोडला, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर म्हणा, तर जुळणीच गेली. बरेच जण मूळ भाग काढून ठेवून बदली भाग घालून चालवतात. मी ते करणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. इकडे ५० वर्षांहून जुनी पिस्तुलं ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्राह्य जुन्या शस्त्रांत मोडतात, संग्राहकाचा परवाना ३० डॉलरला तीन वर्षांचा मिळतो, खरेदीविक्रीची वही ठेवावी लागते. एच-वन-बीवर असलेल्यांनी मात्र हा नाद ग्रीन कार्डपर्यंत लांब ठेवावा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय गुन्हा आहे. पुण्याहून भाचा विचारत होता, ‘मामा, इकडे आणता येईल का?’ नाही. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या भोकाचं माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात.

घेतलंच तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका. चामडं कमावण्याच्या रसायनांनी आणि ओलाव्याने निळा खालून खाल्ला जातो. होल्स्टर वेगळा, पिस्तूल वेगळं, हलकं तेल, जवळ सिलिका जेल, हातात सुती मोजे. सोनेरी भागांना पॉलिशची पेस्ट तर अजिबात लावू नका. एका पुसण्यात जाईल तो थर. आणि कुणी ‘थोडं निळं करून देतो, खूप कमी खर्चात’ म्हणालं तर नको म्हणा. मलाही दोन मित्रांनी विचारलं, तुझ्याकडे भट्टी आहेच, ट्रिगर तरी सोनेरी करून घे. भट्टीवर पाच मिनिटांचं काम आहे. करणार नाही.