जुन्या बाजारातले वाडगे: शोकेससाठी नाही, वाढायला घ्यायचे असतील तर

गेली चारेक वर्षं मी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातेय, बुधवारी जमलं तर बुधवारी नाहीतर रविवारी, आणि जाते ती एकाच गोष्टीसाठी, वाढायची जुनी भांडी. वाडगे, तसराळी, सट, कधी झाकणाचा चिनी मातीचा बाऊल. आमच्याकडे ही भांडी काचेच्या कपाटात जात नाहीत, रोजचं वरण त्यातूनच वाढतो, त्यामुळे हा रिव्ह्यूही जेवणाऱ्याच्या बाजूने लिहितेय, सजावटीच्या बाजूने नाही.

पहिलं म्हणजे बाजार कसा आहे. रस्त्याच्या कडेने जमिनीवर ताडपत्री टाकून माल मांडलेला असतो, नळाचे पार्ट, जुनी घड्याळं, कॅमेरे, बुटांचे ढीग, आणि मध्येच एखाद्या ताडपत्रीवर पितळ-तांब्याचा डोंगर. भांडी वेगळी लावून ठेवलेली नसतात, तुम्हालाच उकरावं लागतं. मला त्यात खूप मजा येते, ज्यांना येत नाही त्यांनी अँटिकच्या दुकानातून घ्यावं, तिथे घासूनपुसून ठेवलेलं मिळतं पण भाव ऐकून मी तरी परत फिरते. रविवारी गर्दी इतकी असते की खाली बसून भांडं हातात घेऊन बघायलाच मिळत नाही, म्हणून शक्य असेल तर बुधवारची सकाळ धरा.

मी एका म्हाताऱ्या काकांकडून घेते. त्यांच्याकडे मोडीत आलेल्या वाड्यातली भांडी असतात, आणि ते पितळेला पितळ आणि काशाला कासं असंच सांगतात, ही फार मोठी गोष्ट आहे. कारण मी आधी एकदा ऑनलाइन 'अँटिक काशाचा बाऊल' म्हणून मागवलेला तो घरी आल्यावर चक्क पॉलिश मारलेलं नवं पितळ निघालं, परत पाठवायची सोय नव्हती, पैसे गेलेच. तेव्हापासून हातात न घेता, न वाजवता मी काहीही घेत नाही.

वाजवून बघायचं म्हणजे कसं ते सांगते. वाडगा तळहातावर घट्ट धरायचा नाही, पाचही बोटांच्या टोकांवर उचलायचा आणि काठाला नखाने नाहीतर चमच्याने हलकी टिचकी मारायची. कासं असेल तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघतो आणि रेंगाळतो, पितळ पटकन गप्प होतं. रंगही वेगळा, पितळ हळदीसारखं पिवळं आणि कासं जरा फिकट, करडेपणाकडे झुकणारं. चांगल्या काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं, एवढ्या कथलामुळेच तो आवाज येतो आणि त्यामुळेच ते ठिसूळही असतं, पितळी तपेली पडली तर चेपते, काशाचं भांडं पडलं तर तडकतं. आवाज बद्द आला तर कुठेतरी केसासारखी चीर असणार, उन्हात फिरवून बघा, सापडतेच.

माझा सगळ्यात आवडता वाडगा याच काकांकडचा. ७०० ग्रॅमच्या वर वजन, ११०० रुपयांना घेतला, आतून वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की पळी फिरवताना अडकतच नाही. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय, पूर्वी लग्नात भांडी दिली की त्यावर अशी नावं घालून घ्यायचे तसं, पुढे 'हिजकडून' असं आहे, म्हणजे कुठल्यातरी आत्याने किंवा मावशीने दिलेला आहेर असणार. नाव इथे लिहीत नाही. पण पाडव्याला त्यात श्रीखंड न काढता बासुंदी काढली तेव्हा सासूबाईंनी ते नाव बोट फिरवत मोठ्याने वाचलं आणि जेवायला बसलेले सगळे गप्प झाले. श्रीखंड का नाही, तर काशात आंबट ठेवायचं नाही ही आमच्याकडची पद्धत आहे आणि मी ती पाळते. वरण, खीर, दूधभात, तूप सोडलेली खिचडी, याला मात्र त्याच्यासारखं भांडं नाही.

पितळेचं घेतलंत तर खर्च तिथेच संपत नाही, आतून कल्हई करून घ्यावीच लागते. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी, कढी, ताक काहीही ठेवलं की कळकतं, चव तर बिघडतेच आणि पोटालाही वाईट. बाजारातून मी तशीच कसबा पेठेत तांबट आळीकडे वळते, पेशवाईपासूनची तांबटांची वस्ती, अजूनही काही घरांतून मठारकामाची, म्हणजे भांडं हातोडीने ठोकून घडवण्याची, ठकठक ऐकू येते. कल्हई जिथे कराल तिथे स्वतः उभं राहून बघा. भांडं भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, भसकन पांढरा धूर निघतो आणि मग कथलाची कांडी नुसती टेकवली की ती पाण्यासारखी वितळते (कथील २३२ अंशालाच वितळतं), लगेच कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतात आणि काळंकुट्ट भांडं दोन मिनिटांत चांदीसारखं होतं. 'शुद्ध कथीलच ना, शिसं नको' हे तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. मागे एका ठिकाणी मी विचारलं नाही आणि स्वस्तात काम झालं, ती कल्हई महिन्याभरात काळवंडली, मग तो सट पुन्हा सगळा घासून दुसरीकडून करून घेतला.

जुन्या भांड्याला कुठे डाग दिलेला असेल, म्हणजे झाळून भोक बुजवलेलं, तर ते मी जेवणासाठी घेत नाही, झाळायला शिसं वापरलेलं असू शकतं. असं भांडं कितीही देखणं असलं तरी त्यात फुलं.

चिनी मातीचंही थोडं सांगते. उलटं करून तळ बघा, बेंगाल पॉटरीज किंवा ग्वाल्हेर पॉटरीजचा शिक्का असलेलं आपल्याकडचं मिळतं आणि ते अजून स्वस्त आहे. विलायती असेल आणि नुसतं 'इंग्लंड' लिहिलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातलं. ग्लेझवर जाळीसारख्या रेषा आल्या असतील किंवा आतल्या बाजूला रंगीत नक्षी असेल तर त्यात गरम आणि आंबट वाढू नका, जुन्या ग्लेझमध्ये आणि रंगात शिसं असायचं. टवका उडालेल्या एनॅमलच्या बाऊललाही माझ्याकडे हाच नियम, त्यात कांदे-लसूण.

घासायला राख नाहीतर पितांबरी, पितळेला बाहेरून चिंच, कल्हईच्या बाजूला तारेची घासणी अजिबात नको आणि डिशवॉशरचं नाव काढू नका.

बाजाराला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण बसायला जागा नाही, पाणी नाही आणि पावसाळ्यात चिखलात माल बघवत नाही. काकांना मात्र पाच. जाताना जाड कापडी पिशवी आणि दोन जुने टॉवेल न्या, कासं टॉवेलात गुंडाळूनच आणायचं, आणि सुटे पैसे ठेवा. मला सध्या एका तसराळ्याला बसेल असं नऊ इंची पितळी झाकण हवंय, कुणाला दिसलं तर सांगा.