बर्न, स्कॉर्च, सिंज की चार (char)? आगीच्या विमा दाव्यात कोणता शब्द लिहावा

दुकानाला आग लागल्यावर मुंबईतल्या कापड व्यापाऱ्याला विमा कंपनीकडे इंग्रजीत दावा लिहून द्यावा लागतो, तेव्हा सगळ्या नुकसानीसाठी 'बर्न' हा एकच शब्द वापरला जातो. तो चुकीचा नाही, पण फार ऐसपैस आहे. जुन्या इंग्रजीत स्वतः जळणे आणि दुसऱ्याने जाळणे यांसाठी निरनिराळी क्रियापदे होती. पुढे ती एकमेकांत मिसळून गेली. त्यामुळे 'द स्टॉक वॉज बर्न्ट' या वाक्याचा अर्थ माल जळालेला होता असाही होतो आणि कोणीतरी तो जाळला असाही. म्हणून आग कोठून आणि कशी लागली, हे स्वतंत्र वाक्यात लिहावे.

'स्कॉर्च' म्हणजे होरपळणे. इस्त्री जास्त वेळ टेकल्यावर उठणारा तांबूस डाग हा त्याचा नेमका नमुना. येथे मात्र जपून लिहावे, कारण विम्याच्या दृष्टीने 'आग' ठरण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष पेटलेले असावे लागते, नुसती उष्णता पुरत नाही. शेजारच्या गाळ्यातील आगीच्या धगीने कापडाचे ठाण होरपळले असेल, तर 'स्कॉर्च' लिहिताना त्या आगीचा उल्लेख त्याच वाक्यात हवा.

'सिंज' म्हणजे वरवर किंवा कडेला किंचित जळणे. हा शब्द मी कापडाच्या दाव्यात टाळेन. गिरणीत कापडावरचे बारीक तंतू जाळण्यासाठी ते ज्वाळेवरून वेगाने नेतात आणि त्या प्रक्रियेलाच 'सिंजिंग' म्हणतात. तेव्हा जाणकार वाचकाला ते नुकसान न वाटता कापडावरचा संस्कार वाटण्याची शक्यता आहे.

'चार' म्हणजे जळून कोळशासारखे होणे, आणि ते लाकडी फळ्यांना व सुती गठ्ठ्यांना शोभते. पॉलिएस्टरचे तसे नसते: सुती धागा पेटवला की कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरते, तर पॉलिएस्टरचा धागा आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. अशा मालापुढे 'मेल्टेड' लिहिलेलेच योग्य.

'बर्न्ट' की 'बर्न्ड', यावर डोके शिणवू नये. भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. अमेरिकेत भूतकाळी क्रियापद म्हणून 'बर्न्ड' जास्त आढळते, मात्र नामाच्या आधी विशेषण म्हणून 'बर्न्ट' तिथेही लिहितात.