हॅम रेडिओ, चौदा महिन्यांनंतर: कॉलसाइन सगळ्यांचं, पत्ता माझा

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, हौसेखातर वायरलेस सेटवरून अनोळखी माणसांशी बोलण्याचा छंद. परवान्यासोबत मिळणारं आणि हवेत सांगायचं माझं ओळखनाव, म्हणजे कॉलसाइन, व्हीयू३ ने सुरू होतं. पुढची तीन अक्षरं इथे देत नाही. वर्षभरापूर्वी ती तीन अक्षरं कुणीही इंटरनेटवर शोधली असती, तर माझी सोसायटी, फ्लॅटचा नंबर आणि माझी गाडी रात्री किती वाजता घरी पोचते हे सगळं त्याला पाच मिनिटांत कळलं असतं. हे मीच करून ठेवलं होतं. छंद मला मनापासून आवडतो आणि सोडणार नाही, पण नव्याने येणाऱ्यांना, त्यातही एकट्या राहणाऱ्या बायकांना, हा भाग सुरुवातीलाच कळायला हवा.

सुरुवात सोपी आहे, फक्त धीर लागतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे नवख्यांच्या परवान्याला, मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही. प्रश्नपत्रिकेत एक भाग रेडिओच्या शास्त्राचा, एक भाग नियमांचा. दहावीपर्यंतचं विज्ञान आठवत असेल तर महिना-दीड महिन्याच्या अभ्यासात जमतं. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा, मग वाट बघणं. परवाना हातात येईपर्यंत मी रोज रात्री नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर, कानाला लावून बसायचे. ब्राउझरमध्ये चालतो, काही विकत घ्यावं लागत नाही. बोलण्याची पद्धत, थांबण्याची जागा, क्यूआरझेड ("मला कोण हाक मारतंय?") कधी म्हणायचं हे पुस्तकापेक्षा तिथेच जास्त शिकले.

परवाना आल्यावर सेट घेतला आणि ४० मीटर बँड या लहरींच्या पट्ट्यासाठी स्वतः डायपोल, म्हणजे दोन हातांचा तारेचा अँटेना, बांधला. तांब्याच्या वायरचे साधारण दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये सेटकडे येणारी केबल म्हणजे कोअ‍ॅक्स, एक टोक पाण्याच्या टाकीला नायलॉनच्या दोरीने, दुसरं कपडे वाळत घालायच्या खांबाला. आधी एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळला ते सांगणारा आकडा, कमी तितका बरा) तीनच्या वर दाखवत होता. दोन्ही हात वीतभर कापले, तेव्हा दीडच्या खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेंगळुरूहून उत्तर आलं, पाच-नऊ, म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार. माझा हात इतका थरथरत होता की लॉगबुकातली ती पहिली ओळ आजही नीट वाचता येत नाही.

आता मुद्द्याचं. हॅम रेडिओत लपून बोलता येत नाही, आणि येऊही नये. सांकेतिक भाषेला मनाई आहे, साध्या भाषेत बोलायचं, आपलं कॉलसाइन सांगायचं. ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो कुणीही ऐकू शकतो. मला हे पटतं. या उघडेपणावरच अनोळखी माणसाशी विश्वासाने बोलता येतं. पण कॉलसाइन उघडं असणं वेगळं आणि त्याला घराचा पत्ता चिकटवणं वेगळं. सुरुवातीला मला हा फरक कळला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात कळला. सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी रेडिओवरच भरणारी गप्पांची बैठक) चेक-इन केलं तर एक वयस्कर ओएम (ओल्ड मॅन, पुरुष हॅमना असंच म्हणतात) फार आपुलकीने म्हणाले, "काय ताई, काल बराच उशीर झाला? साडेअकराला पोचलात." मी फोनवर एपीआरएसचं अ‍ॅप टाकलं होतं. ते चालू ठेवलं की कॉलसाइनसोबत जागा नकाशावर जाते. गाडीत लावलं आणि विसरले. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा नकाशा उघडला. तीन आठवड्यांच्या रेषा, सगळ्या ऑफिसपासून निघून एकाच फाटकाशी थांबलेल्या. शनिवारी आईकडे गेले होते तेही, परत कधी आले तेही. त्या काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते आजही माझ्याशी तितक्याच मायेने बोलतात. पण तो नकाशा बघायला परवाना लागत नाही. पोटात खड्डा पडला.

त्या संध्याकाळी सगळं तपासायला बसले. क्यूआरझेड डॉट कॉम या हॅमच्या यादीच्या वेबसाइटवर माझ्या पानावर पूर्ण पत्ता होता, कारण फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून भरला होता. अमेरिकेत तिथल्या एफसीसी या परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या डेटाबेसमध्ये परवानाधारकाचं नाव-पत्ता उघड असतो, त्यामुळे तिथले बरेचजण पोस्ट बॉक्सचा पत्ता देतात. माझ्या बाबतीत कुणी काही उघड केलं नव्हतं, मीच हौसेने दिलं होतं. त्याच पानावर अँटेनाचा फोटो. मोठा करून पाहिला तर मागे आमच्या इमारतीखालच्या दुकानाची पाटी, फोन नंबरसकट, स्वच्छ वाचता येत होती. आणि गाडीच्या मागच्या काचेवर कॉलसाइनचं स्टिकर! सिग्नलला मागे थांबलेल्या माणसाने ते फोनवर शोधलं असतं की झालं. स्टिकर त्याच रात्री नखांनी खरवडून काढलं.

आता कसं करते ते सांगते. क्यूआरझेडवर पहिलं नाव आणि "पुणे, महाराष्ट्र" एवढंच. नकाशावरची खूण घरावरून काढून चार अक्षरी लोकेटरवर, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाच्या सांकेतिक नावावर, नेली. पुण्यासाठी तो एमके६८, म्हणजे दोनशे किलोमीटरपेक्षा रुंद आणि सुमारे एकशे दहा किलोमीटर उंच चौकोन. सहा अक्षरी लिहिला, समजा शनिवारवाड्याचा एमके६८डब्ल्यूएम, तर चौकोन साधारण नऊ बाय साडेचार किलोमीटरचा होतो. तोही चालेल. आठ अक्षरी मात्र नको, तो एका किलोमीटरपेक्षाही लहान चौकोनात आणून ठेवतो. एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची पद्धत) करणाऱ्यांनी हे जरूर बघावं: हवेत चारच अक्षरं जातात, पण सेटिंगमध्ये जेवढी लिहिलीत तेवढी पीएसके रिपोर्टरवर, म्हणजे कुणाला कोण ऐकू आलं ते दाखवणाऱ्या उघड नकाशावर, दिसू शकतात.

एपीआरएस मी बंद नाही केलं. ट्रेकला गेलं की ते खरोखर उपयोगाचं आहे, घाटात फोनची रेंज नसते तिथे हॅन्डीवरून (हातात धरायचा छोटा सेट) जागा पाठवता आली तर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. फक्त आता बीकन (जागा आपोआप पाठवणं) घरापासून दोन-तीन किलोमीटरवर सुरू करते आणि परतताना तिथेच बंद. रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर अजिबात नाही. जुन्या रेषा मात्र माझ्या हातात राहिल्या नाहीत, इतरांनी साठवलेल्या प्रती कुठे असतील ते सांगता येत नाही. म्हणून म्हणते, आधीच सांभाळा.

क्यूएसएल कार्डावरही (बोलणं झाल्याची पोच देणारं पोस्टकार्ड) घरचा पत्ता छापत नाही. कार्डं ब्युरोमार्फत, म्हणजे ती गोळा करून वाटणाऱ्या हॅम संस्थेमार्फत, येतात, वेळ लागतो, पण येतात. घाई असणाऱ्यांसाठी ऑनलाइन पोच देणारं लॉगबुक ऑफ द वर्ल्ड आहे. तिथे भारतातून खातं उघडायला परवान्याची प्रत आणि आणखी एक ओळखपत्र द्यावं लागतं. मी आधारऐवजी वाहन परवाना दिला आणि प्रतीवर आडवं लिहिलं, कशासाठी दिला ते.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र जिभेची आहे. नेटवर घरच्यासारखं वातावरण असतं, सकाळी चहा घेत गप्पा चालतात, आणि माणसं सहज बोलून जातात: "उद्यापासून आठ दिवस गावी चाललोय", "मिसेसना अ‍ॅडमिट केलंय", "माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घ्या". मीही दोनदा नंबर दिला होता. आता कुणी मागितला तर ईमेल सांगते, आणि तोही फक्त या छंदासाठी वेगळा काढलेला. गावाला जाऊन आल्यावर गावाबद्दल बोलते. कुणी रागावलं नाही. एकदा एकाने जास्त खोदून क्यूटीएच (ठिकाण) विचारलं, तर नेट चालवणाऱ्या नेट कंट्रोलनेच त्याला थांबवलं, "पुणे म्हटलंय ना, पुढच्या स्टेशनला येऊ द्या." फार बरं वाटलं.

तक्रारी विचाराल तर दोनच. शहरातला गोंगाट फार, सोसायटीतले एलईडी आणि इन्व्हर्टर चालू झाले की संध्याकाळी ४० मीटरवर नुसती खरखर. आणि नवीन माणसाला सगळे अँटेना शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीला परवाना मिळाला. तिचं पान भरायला आम्ही एकत्र बसलो. पत्त्याच्या रकान्यात ती विंगचं नाव लिहायला लागली, मी काही बोलायच्या आत थांबली, पुसलं आणि नुसतं शहर लिहिलं. मग हॅन्डी घेऊन गच्चीत गेली. रिपीटरवरून (हॅन्डीचा आवाज दूरवर पोचवणारं केंद्र) कुणीतरी विचारलं, "क्यूटीएच?" तिने बटण दाबलं, एक क्षण थांबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पुणे."