ओपल कार्ड आणि पावसातले सिडनी : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्चच्या अखेरीपासून ऑगस्ट २०२४च्या अखेरीपर्यंत मी एका अभ्यासवृत्तीवर सिडनीत राहिलो. खोलीचे भाडे आणि किराणा वजा जाता आठवड्याला हातात फारच थोडे उरत असे. ज्या बोंडायच्या पुळणीमुळे हे शहर जगभर ओळखले जाते, तिथे उन्हात बसण्याचे दिवसही मला मोजकेच मिळाले. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात इतका पाऊस झाला की शहराला पाणी पुरवणारे वॉरगंबा धरण भरून वाहू लागले, आणि पुढे मे-जूनमधले कितीतरी शनिवार-रविवार ओलेच गेले. या सगळ्या काळात मला शहर दाखवले ते खिशातल्या ओपल कार्डाने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतुकीचे भाडे भरण्याच्या कार्डाने. पैसे कमी आणि हवामान प्रतिकूल अशा स्थितीत जो कोणी तिथे जाईल, त्याच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी पावसाविषयी सांगणे आवश्यक आहे. सिडनीत वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्याला आपल्यासारखा ठरलेला ऋतू नाही. तो वर्षभर विखुरलेला असतो. त्यामुळे मृग लागेल, मग आषाढ-श्रावण सरतील आणि मोकळे आकाश येईल, असा हिशेब तिथे चालत नाही. तिथल्या शरद आणि हिवाळ्यात, म्हणजे मार्च ते ऑगस्टमध्ये, किनाऱ्यालगतच्या समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की दोन-तीन दिवस जोराचा वारा आणि पाऊस एकत्र येतात. अशा वाऱ्यात छत्री टिकत नाही. माझ्या दोन छत्र्या पहिल्या महिन्यातच मोडल्या आणि त्यानंतर मी टोपीचा साधा रेनकोटच वापरला.

ओपल कार्ड रेल्वे, मेट्रो, बस, ट्राम आणि सरकारी फेरीबोट या सर्वांवर चालते. कार्ड विनामूल्य मिळते, फक्त त्यात पैसे भरावे लागतात. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे सहसा सवलतीचे कार्ड मिळत नाही, म्हणून मी प्रौढांचे काळे कार्डच वापरले. त्याचे खरे मोल भाड्याच्या कमाल मर्यादेत आहे. आठवड्याला ५० डॉलरपेक्षा अधिक भाडे कापले जात नाही, आणि शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दिवसाची मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. मी होतो तेव्हा ती ९ डॉलरच्या आसपास होती. माझा प्रवास रोजचा असूनही आठवड्याची मर्यादा मी क्वचितच गाठली. शेवटच्या तीन दिवसांची मर्यादा मात्र जवळजवळ दर आठवड्याला उपयोगी पडली. त्याचे कारण बंदराच्या पलीकडच्या मॅन्ली या उपनगराला जाणारी फेरीबोट.

शहराच्या मध्यभागातल्या सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून मॅन्लीला जायला सुमारे अर्धा तास लागतो आणि या लांब पल्ल्याच्या एकेरी भाड्यातच त्या दिवसाची मर्यादा जवळपास संपते. म्हणजे परतीचा प्रवास आणि त्यानंतर दिवसभर कुठेही केलेला प्रवास जवळजवळ फुकट पडतो. हे लक्षात आल्यावर मी पावसाळी रविवारची सुरुवातच या बोटीने करू लागलो. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणाऱ्या या मोठ्या जुन्या बोटींमध्ये आत बसायला भरपूर जागा असते, आणि ओल्या काचेतून ऑपेरा हाऊस मागे सरकताना पाहणे हा माझ्या पाच महिन्यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा आनंद होता. त्या छपरावर दहा लाखांहून अधिक फरशा आहेत. उन्हात त्या पांढऱ्याशुभ्र आणि एकसारख्या दिसतात, पण पावसात भिजल्यावर चकचकीत आणि मंद फरशांची नक्षी वेगवेगळी उठून दिसते. छायाचित्रांत मला ही नक्षी कधी जाणवली नव्हती.

नॉर्थ हेड आणि साऊथ हेड या दोन भूशिरांच्या मधल्या बंदराच्या तोंडासमोरून बोट जाते तेव्हा खुल्या समुद्राच्या लाटा थेट आत येतात. खवळलेल्या दिवशी तेवढी पाच-दहा मिनिटे बोट चांगलीच हलते, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी असा दिवस टाळावा. लाटा फारच मोठ्या असतील तर फेऱ्या रद्द होतात आणि त्याऐवजी बस सोडल्या जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे चांगले. याच मार्गावर खासगी वेगवान बोटीही धावतात. त्यांचे भाडे ओपलच्या मर्यादेत धरले जात नाही, हे मला पहिल्या खेपेस माहीत नव्हते आणि त्या दिवसाचा हिशेब कोलमडला.

पॅरामाटा नदीतून आत जाणारी बोट याच्या अगदी उलट आहे. दीड तासाहून अधिक काळ ती संथ पाण्यातून जाते, दोन्ही तीरांवर घरे, जुने कारखाने आणि पुढे खारफुटी दिसते, आणि पावसात बोटीत मोजकेच प्रवासी असतात. पुराच्या दिवसांत मात्र पॅरामाटाचा शेवटचा धक्का बंद असू शकतो. वाटेत कॉकाटू बेटावर उतरता येते. शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत आणि नंतर जहाजबांधणीचे केंद्र असलेले हे बेट २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. बेटावर प्रवेशशुल्क नाही. खडकातून आरपार खोदलेल्या बोगद्यात आणि यंत्रशाळांच्या उंच शेडमध्ये मी मुसळधार पावसातली एक अख्खी दुपार कोरड्या अंगाने काढली.

आता पुळणीविषयी. पाऊस थांबला, ऊन पडले, की पाण्यात उतरण्याचा मोह होतो, तो आवरावा. पावसाचे पाणी रस्त्यांवरची घाण घेऊन नाल्यांवाटे समुद्रात येते आणि कधी सांडपाणीही त्यात मिसळते. म्हणून मोठ्या पावसानंतर खुल्या समुद्रात किमान एक दिवस आणि बंदराच्या आतल्या पाण्यात तीन दिवसांपर्यंत पोहू नये, असा तिथला अधिकृत सल्ला आहे. एरवीही लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहावे. मात्र न पोहताही बोंडाय पाहण्यासारखे आहे. ३३३ क्रमांकाची बस थेट तिथे नेते, आणि पॅव्हेलियनच्या छताखाली उभे राहून करड्या समुद्रावर लाटांवर स्वार होणारी माणसे कितीही वेळ पाहता येतात. तिथून कूजीच्या पुळणीपर्यंतची सुमारे ६ किलोमीटरची कड्यावरची वाट पाऊस चालू असताना धरू नये, कारण पायऱ्या निसरड्या होतात. पण पाऊस उघडल्यावर लगेच गेल्यास लाटांचा जोर अजून असतो आणि गर्दी नसते. जूनमध्ये उत्तरेकडे निघालेले देवमासे मी याच वाटेवरून प्रथम पाहिले.

अगदीच बाहेर पडवत नसेल तेव्हा ४४१ क्रमांकाच्या बसने मी राज्य कलादालनात जात असे. तेथील कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो आणि बुधवारी दालन रात्री १० वाजेपर्यंत उघडे असते. डिसेंबर २०२२मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीच्या तळाशी दुसऱ्या महायुद्धातली नौदलाची जुनी तेलटाकी आहे, जी आता कलाकृतींसाठी वापरतात. त्या अंधाऱ्या खांबांमधून आपल्याच पावलांचा आवाज घुमत राहतो. ऑस्ट्रेलियन म्युझियम आणि राज्य ग्रंथालयाचे मिचेल वाचनालयही विनामूल्य आहेत; वाचनालयात मी माझा अर्धा अभ्यास केला.

कार्डाच्या उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. उतरताना कार्ड यंत्राला टेकवायला विसरल्यास त्या मार्गाचे कमाल भाडे कापले जाते, आणि पावसात धक्क्यावरून धावताना हे माझ्याकडून तीनदा झाले. विमानतळाच्या दोन रेल्वे स्थानकांवर वेगळे प्रवेशशुल्क लागते, जे दिवसाच्या मर्यादेत धरले जात नाही आणि माझ्यासारख्याला फार जड जाते. त्याऐवजी ४२० क्रमांकाच्या बसने मॅस्कॉट स्थानकापर्यंत जाऊन तिथून रेल्वे धरावी. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने कार्ड घेण्याची गरजही नाही, कारण संपर्कविरहित बँक कार्डावर प्रौढांचे हेच भाडे आणि याच मर्यादा लागू होतात. फक्त परदेशी बँकेचा व्यवहार आकार तपासून घ्यावा. कार्डातली शिल्लक रोख परत मिळत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी अगदी बेताने पैसे भरले. १९ ऑगस्टला बंदराखालून जाणारी नवी मेट्रो सुरू झाली होती. उरलेल्या शिल्लकेत तिची एक फेरी झाली, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, पुन्हा पावसातच, मॅन्लीची एक.