एस्कलांटेचं व्हिजिटर सेंटर: वाळवंटात उतरण्याआधी रस्त्याची चौकशी

काळं रान ओलं असताना त्यात गाडी घालायची नाही, हे बार्शीकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. तरी दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात मी नेमकं तेच केलं. शेजारच्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून एस्कलांटे या गावाला निघालो होतो. पेज गाव मागे पडल्यावर फोनवरच्या नकाशाने उजवीकडे वळायला सांगितलं. कॉटनवुड कॅनियन रोड, ४६ मैल, कच्चा. कानाबवरून डांबरी रस्त्याने वळसा घालायचा तर याच्या दुपटीहून जास्त अंतर. डोक्यावर आभाळ निरभ्र होतं, गाडी भाड्याची पण उंच होती. वळलो.

पहिल्या काही मैलांतच करडी माती लागली. दुपारी तीनच्या सुमारास ढग भरून आले आणि जेमतेम वीस मिनिटं पाऊस पडला. तेवढा पुरे झाला. स्टिअरिंग एकीकडे, गाडी दुसरीकडे असं सुरू झालं. चाकांना माती थरावर थर चढत गेली, मडगार्डच्या आत गच्च बसली आणि चाकं फिरेनाशी झाली. फोनला रेंज नव्हती. मी आणि नवऱ्याने ती रात्र गाडीत काढली. सकाळी दहानंतर उन्हाने वरची खपली वाळली, तेव्हा एक ट्रकवाले गृहस्थ आले आणि त्यांनी दोर लावून आम्हाला मागे ओढून काढलं. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी नंतर सफाईचे पैसे लावले. शिवाय त्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असल्याची ओळ दाखवली. ती ओळ मी सही करताना वाचली नव्हती. तुम्ही जरूर वाचा.

ही माती आपल्या काळ्या मातीची लांबची बहीण आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ बसला, त्यात ज्वालामुखीची राख मिसळली आणि त्या राखेची पुढे बेंटोनाइट नावाची चिकणमाती झाली. पाणी मिळालं की ती फुगते, लोण्यासारखी निसरडी होते आणि वाळली की भेगाळते. आपलं रेगूरही फुगणाऱ्याच मातीच्या कुळातलं. फरक इतकाच, की आपल्याकडे पाऊस पडला की गावात विचारतात, "वाफसा आला का?" म्हणजे रान पाय टाकण्याजोगं झालं का. युटात हा प्रश्न कुणाला विचारायचा, हे मला माहीत नव्हतं.

तो एस्कलांटे इंटरएजन्सी व्हिजिटर सेंटरच्या काउंटरवर विचारायचा. हा लेख त्या काउंटरबद्दल आहे.

एस्कलांटे हे हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. हायवे १२ हाच त्याचा मुख्य रस्ता आणि त्याच रस्त्यावर गावाच्या पश्चिम टोकाला ही इमारत आहे. जमिनी सांभाळणारी केंद्र सरकारची तीन खाती इथे एका छपराखाली बसतात. भोवतालचं ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे राष्ट्रीय स्मारक (इथे स्मारक म्हणजे सरकारने राखलेला मुलूख) १९९६ साली जाहीर झालं आणि आज ते सुमारे १८ लाख ७० हजार एकरांचं आहे. एवढ्या मुलखात डांबरी रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे मातीचे, वाळूचे, खडकाचे. त्या रस्त्यांची खबर देणं हे या काउंटरचं मोठं काम, आणि ती फुकट मिळते. रानात मुक्कामासाठी लागणारा परवानाही फुकट.

आमची दुसरी खेप गेल्या ऑक्टोबरात झाली. या वेळी गाडी स्वतःची होती, चारही चाकांना ओढ असलेली. आणि सोबत गावाहून आलेला माझा दादा होता. त्रेसष्ट वर्षांचा, अजून स्वतः शेती करणारा. बेत असा होता: होल-इन-द-रॉक रोडने २६ मैल आत ड्राय फोर्कला जायचं, पिकाबू आणि स्पूकी या दोन अरुंद घळी पाहायच्या आणि दुसऱ्या दिवशी कॉटनवुड कॅनियन रोडने घरी परतायचं. दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेला होता.

सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलो. घड्याळाचं एक सांगून ठेवते. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, युटा पाळतं, त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर दोन्हीकडच्या घड्याळांत तासाचा फरक असतो. पेजच्या आसपास फोनही मध्येच वेळ बदलतो. इथे कुणी "दुपारपर्यंत परत या" म्हटलं तर कुठल्या घड्याळाने, हे स्पष्ट करून घ्या.

काउंटरवर पन्नाशीच्या एक रेंजरबाई होत्या. मी विचारलं, "होल-इन-द-रॉक रोड उघडा आहे का?" त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. उलट मलाच विचारायला लागल्या. गाडी कोणती? दोन चाकांना ओढ की चारांना? टायर रस्त्याचे की जाड दातांचे? स्टेपनी पूर्ण आकाराची आहे की तात्पुरती बारकी? पाणी किती घेतलंय? कुठपर्यंत जाणार? परत किती वाजता? तुम्ही आज परतला नाहीत हे कुणाला कळेल?

मला ही सेवा आवडली ती याच प्रश्नांमुळे. रस्ता उघडा आहे का, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. इथले बरेच रस्ते फाटक लावून बंद होत नाहीत, ते फक्त जाण्याजोगे राहत नाहीत. आणि ते कुणासाठी, तर तुमच्या गाडीसाठी, तुमच्या टायरसाठी, त्या दिवसापुरते. होल-इन-द-रॉक रोड सुमारे ६० मैलांचा आहे. डेव्हिल्स गार्डनपर्यंतच्या पहिल्या १२ मैलांना कोरड्या दिवसांत साधी गाडी चालते. शेवटच्या काही मैलांत मात्र उंच आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीशिवाय काम नाही. नाव एकच, पण हे दोन वेगळे रस्ते आहेत.

मग त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. ड्राय फोर्कच्या फाट्यापर्यंत जा. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालाय (हा शब्द माझा, त्यांनी हाताने लाटा काढून दाखवल्या), टायरची हवा थोडी कमी करा आणि घाई करू नका. फाट्यावरून आत गेलं की वरच्या वाहनतळावरच गाडी लावा, पुढचा खडकाळ तुकडा पायी उतरा. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, रस्ता सपाट करणारा ग्रेडर इथून केव्हा फिरला होता, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटची खबर कुणी आणि कोणत्या दिवशी आणली, तेही त्यांनी आपणहून सांगितलं. माझ्या मते कुठल्याही रस्त्याच्या माहितीत हीच तारीख आधी बघावी. चार दिवसांपूर्वीचं "रस्ता चांगला आहे" हे मध्ये पाऊस पडला असेल तर कामाचं नाही.

घळींचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हवामान खात्याचं त्या दिवसाचं पान दाखवलं. दक्षिण युटासाठी खातं रोज लोंढ्याचा अंदाज चार पायऱ्यांत देतं: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. त्या दिवशी पहिली पायरी होती. तरी त्यांनी आम्हाला भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी नेलं आणि स्ट्रेट क्लिफ्सवर बोट ठेवलं. ही उंच कड्यांची रांग रस्त्याच्या उजव्या अंगाने मैलोन् मैल सोबत चालते. तिथे पडलेलं पाणी ओढ्यांतून खाली येतं, रस्ता आडवा कापतं, घळींत शिरतं आणि एस्कलांटे नदीला मिळतं. उघडा खडक, पातळ माती, मुरायला जागा नाही. त्यामुळे घळीत वर निळं आभाळ दिसत असताना कड्यांवरच्या पावसाचा लोंढा अंगावर येऊ शकतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारच्या पावसाचे दिवस असतात, तेव्हा हे फार जपायचं. पण ऑक्टोबर आहे म्हणून बिनधास्त राहायचं, असंही नाही. वर ढग दिसले की बाहेर या, आत असाल तर ढग दिसणारही नाहीत, म्हणून शिरण्याआधी कड्यांकडे बघा, असं त्यांनी सांगितलं. दादाने मान डोलावली. मी भाषांतर करायच्या आधीच त्याला कळलं होतं, कारण त्यांचं बोट नकाशावर पाण्याच्याच वाटेने फिरत होतं.

शेवटी मी कॉटनवुडबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या नको." कारणही दिलं. दोन दिवसांपूर्वी त्या बाजूला पाऊस झालाय, वर वाळलेलं दिसेल पण खाली ओल आहे, आणि उद्या दुपारी पुन्हा सरी येण्याची शक्यता आहे. "तुम्ही आत जाल तो रस्ता आणि तुम्हाला बाहेर काढणारा रस्ता एकच असेल, असं धरून चालू नका." नवरा म्हणाला, गाडी चारही चाकांना ओढ असलेली आहे. त्या म्हणाल्या, त्या मातीत चारही चाकं सारखीच घसरतात. शिवाय ओल्या रस्त्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना त्रास देतात, हेही सांगितलं. सात तास गाडी चालवून आलेल्या माणसाला इतक्या सरळपणे नको म्हणणारा काउंटर मला मोलाचा वाटतो. पहिल्या खेपेला आदल्या मुक्कामाच्या हॉटेलात मी हेच विचारलं होतं, तेव्हा "सगळेच जातात" असं उत्तर मिळालं होतं.

ड्राय फोर्कचा दिवस छान गेला. २६ मैलांना दीड तास लागला. पिकाबूत शिरायलाच दहा-बारा फूट उभा खडक चढावा लागतो, तिथे दादा खाली थांबला. स्पूकीत मात्र आला. पाठपिशवी हातात धरून, कुठे कुठे आडवं होऊन सरकावं लागतं. दोन्ही बाजूंना लाल खडकाच्या लाटा आणि वर आभाळाची चिंधी. सह्याद्रीतल्या घळी मी पाहिल्यात, पण पाण्याने दगड असा घोटलेला कुठे पाहिला नव्हता. दादा भिंतीवरून हात फिरवत चालला होता. एके ठिकाणी त्याच्या डोक्याच्या वर एक लाकडाचा ओंडका दोन भिंतींत अडकलेला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं. पाणी कुठवर चढतं, ते तिथे दिसत होतं.

या रस्त्याचा इतिहासही चौकशीचाच आहे. १८७९ च्या शेवटी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे सुमारे अडीचशे लोक आणि ८० च्या वर बैलगाड्या, घोडागाड्या याच वाटेने आग्नेयेला निघाल्या. प्रवास सहा आठवड्यांचा धरला होता, लागले जवळपास सहा महिने. पुढे पाठवलेल्या माणसांचं वाटेबद्दल एकमत होईना आणि मागच्या डोंगरावर बर्फ पडल्यामुळे परतीची वाट बंद. शेवटी कोलोराडो नदीवरच्या कड्यातली एक फट सुरुंग लावून रुंद केली आणि जानेवारी १८८० मध्ये गाड्या दोरांनी धरून तिच्यातून खाली उतरवल्या. रस्त्याला नाव मिळालं ते त्या फटीचं.

आता कुणासाठी ही सेवा आहे आणि तिच्याकडून काय अपेक्षा करावी, ते सांगते. घाटात रेंज मिळते, धाब्यावर पंक्चर निघतं, अशा सवयीने अमेरिकेत येणाऱ्या आपल्या लोकांनी तर इथे थांबावंच. ड्राय फोर्कपासून मदत मागायची तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र लागतं, नाहीतर वाट बघावी लागते. गाडी ओढून आणण्याचा खर्च तुमच्या गाडीभाड्याहून जास्त होऊ शकतो. पण काउंटर म्हणजे हमी नव्हे. सकाळी नऊला मिळालेली खबर ही तोपर्यंत कुणीतरी पाहून आलेली खबर असते. दुपारी चारचा रस्ता कुठल्याच कार्यालयाला ठाऊक नसतो. कामाच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आधी फोन करून जा. आणि आदल्या दिवशी विचारलं असलं तरी निघायच्या सकाळी परत विचारा.

परतताना आम्ही तेच केलं, पण उलट्या बाजूने. साडेचारला काउंटरवर पोचलो, पोचल्याचं सांगायला. रेंजरबाईंनी विचारलं, "रस्ता कसा होता?" मी म्हटलं, ठीक होता. दादा म्हणाला, "असं नको सांगू. तो एक ओढा लागला होता बघ, तिथली वाळू वरून कोरडी होती, पण मी टाच रोवली तर खाली पाणी होतं. आणि डावीकडून काठ ढासळायला लागलाय." मी त्यांना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी लगेच वही ओढली. कुठला ओढा, फाट्यापासून किती मैलांवर, टाच किती आत गेली, किती वाजता पाहिलंत. दादाने हाताची चार बोटं आडवी धरून खोली दाखवली. त्यांनी ते इंचांत लिहून घेतलं आणि वेळ घालताना मला विचारलं, "युटाची की ॲरिझोनाची?"

दुसऱ्या दिवशी कानाबवरून डांबरी रस्त्याने घरी जायचं होतं. निघताना दादा म्हणाला, जरा थांब, आणि आत गेला. रस्त्यांच्या फळ्यावर होल-इन-द-रॉक रोडपुढे आदल्या दिवसाची तारीख होती आणि खाली ओढ्यातल्या ओल्या वाळूची एक ओळ. त्याने तिचा फोटो काढला आणि गावाकडे पाठवून दिला.